छत्तीसच्या रोलवर एक्केचाळीस

कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या इवल्या खिडकीत एक्केचाळीस हा आकडा दिसला आणि मला थंडी वाजायची थांबली. रोल छत्तीसचा. सदतीस निघतात, हात चिंगूस असेल तर अडतीस निघतात. एक्केचाळीस आजवर कुणाचे निघाले नाहीत. मी लिव्हर आणखी एकदा ओढली. आटलेल्या विहिरीवरचा रहाट फिरावा तशी ती हलकी फिरली. बेचाळीस. मग ज्याच्याकडे सकाळीच पाहायला हवं होतं त्या डाव्या अंगाच्या नॉबकडे पाहिलं. आत रोल सरकत असला तर लिव्हर ओढताना हा नॉब उलटा फिरतो. बाहेरून दिसणारी तेवढी एकच खूण. नॉब ढिम्म होता. म्हणजे रोलची जीभ आतल्या चाकाच्या खाचेत बसलीच नव्हती. म्हणजे सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शिकागोचं अख्खं वादळ मी रित्या डब्यात भरत होतो.

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात आमचा फोटो क्लब भरतो. नव्या माणसाला पहिला धडा मी देतो. बाबा रे, दुनियेकडे मागाहून बघ, आधी नॉब फिरतो का बघ. सोळा वर्षं देतो आहे. ते आठवलं आणि भर बर्फात एकट्याला मला हसू फुटलं; तोंडातून वाफेचा मोठा ढग निघाला आणि माझ्याच चष्म्यावर येऊन बसला. चूक कुठं झाली तेही स्वच्छ आठवत होतं. मोच्याच्या बंद दुकानाच्या कमानीत उभा राहून हातमोजे दातांत धरून रोल भरला, बोटं लाकडाची झालेली, रोलही थंडीनं वाळक्या पानासारखा कडक, आणि तेवढ्यात समोरून ती नवरी आली. बापाचे रबरी बूट घातलेले, झगा गुडघ्यापर्यंत उचललेला, रस्त्याच्या मधोमध. कारण त्या दिवशी सगळा रस्ताच पायी चालणाऱ्यांचा होता. मागून नवरदेव तिचे पांढरे बूट दोन्ही तळव्यांवर धरून चाललेला, जशी एखाद्या देवाची पालखी. बर्फ पांढरा, झगा पांढरा. फोटोत तिचे केस, भुवया आणि ते काळे बूट एवढंच उमटलं असतं. मधली नवरी बर्फानं आपल्या पदरची घातली असती. ती निघून जाईल या घाईत मी झाकण लावलं. नॉब बघायचा राहिला. नवरी मात्र मला बघून हसली, आणि ते हसू आता माझ्याशिवाय कुठंही नाही.

मी बस चालवतो. वर्षभर माणसं मला आरशात दिसतात, तीही उलटी, आणि फक्त छातीपासून वर. बर्फाचं वादळ आलं की आगाराला कुलूप लागतं आणि मला पाय फुटतात. माणसांनाही त्या दिवशी पाय फुटतात, पाठी फुटतात, आवाज फुटतात. एरवी एकमेकांकडे न बघणारे लोक एकमेकांच्या गाड्या ढकलतात. काळ्यापांढऱ्या फोटोचं एरवी फार जिकिरीचं असतं, शहरभर जाहिरातींचा नुसता रंगीत चिवडा. पण बर्फ पडला की शहर आपण होऊन माझ्या बाजूला येतं. सकाळपासून काय काय येऊन गेलं होतं. फादर टायटस फावडं खांद्यावर टाकून पायऱ्यांवर उभे, चेहरा असा की पुढचा प्रलय यांनीच मागवला आहे. एक डाकवाला आणि त्याला मागून ढकलणारे दोन पोलीस. शालीत गुंडाळलेलं कुत्रं आणि शाल नसलेली त्याची म्हातारी. हे सगळं गेलं त्याचं मला खरंच फारसं दुःख झालं नाही. गेलेल्या पाहुण्यांसारखं झालं. आले, बसले, हसले, ताटं मात्र कोरीच राहिली. खरं दुःख झालं ते शेवटच्या सात फोटोंचं. ते सात फोटो स्टेफाबाईंचे होते, आणि स्टेफाबाई बारा वर्षांनी माझ्याशी बोलल्या होत्या.

बारा वर्षांत माणसाचं एक तप पुरं होतं, एक पोरगं मिशी फुटण्याच्या बेतात येतं. आमच्या गल्लीत मात्र बारा वर्षांत एवढंच झालं, की स्टेफाबाईंच्या बेकरीतून माझी बायको इरेना दर शनिवारी डझनभर खसखशीचे पाव आणते आणि ते अकरा भरतात. पहिल्या शनिवारी इरेनानं विचारलं तर काउंटरमागून उत्तर आलं, "बारावा तुझ्या झेनेकच्या वाट्याचा. तो खुर्चीनं खाल्ला." त्यानंतर इरेनानं विचारलं नाही. ती घरी येऊन पिशवी टेबलावर ठेवते आणि म्हणते, "बस, बघत बस. खुर्चीवाल्यानं खुर्चीवर बसावं." गुन्हा काय, तर सदुसष्ट सालच्या मोठ्या बर्फात मी स्टेफाबाईंची खुर्ची हलवली. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण आमच्या गल्लीत बर्फाचा कायदा एकच आहे: ज्यानं खणून गाडीपुरती जागा मोकळी केली, बर्फ वितळेपर्यंत जागा त्याची, आणि खूण म्हणून तिथं घरातली एक खुर्ची. त्या खुर्चीला पोलीस हात लावत नाहीत, दारुडे लावत नाहीत. मी लावला. लाल खुर्ची, एका पायाचा आडवा दांडा मोडलेला. कॅमेऱ्यातून पाहिलं तर मागचा दिव्याचा खांब नेमका तिच्या पाठीतून शिंगासारखा वर आलेला. मला ते शिंग खुपलं. खुर्ची उचलून मी चार पावलांवर, पाऊल न पडलेल्या कोवळ्या बर्फात नेऊन ठेवली आणि फोटो काढला. तेवढ्यात रोल संपला. तो बदलायला मी मोच्याच्या कमानीत गेलो, परतलो तर खणलेल्या जागेत एक हिरवी गाडी. ती मार्चपर्यंत तिथंच होती. स्टेफाबाई आणि त्यांचा नवरा लुडविक गाडी दीड मैलावर लावून पावांच्या परड्या खांद्यावर वाहत राहिले. आणि माझ्या फोटोला क्लबाचं पहिलं बक्षीस मिळालं. कोऱ्या बर्फात एक खुर्ची, बाकी कुणी नाही. परीक्षक म्हणाले, महानगरातल्या एकटेपणाचं काळीज आहे हे, आणि छायाचित्रकारानं कशाला बोटसुद्धा लावलेलं नाही. मी मान खाली घालून टाळ्या घेतल्या. लोकांना तो विनय वाटला.

आज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना मी कॅमेरा कोटात लपवून, मान आत ओढून चाललो होतो. स्टेफाबाई एकट्याच खणत होत्या. पासष्टी ओलांडलेली बाई, डोक्याला पिवळा रुमाल, आणि फावड्याच्या ठेक्यावर आईकडून आलेलं ते गाणं:

पहिलं फावडं दाराला, दुसरं शेजाराला,
तिसरं आल्यागेल्याला, चौथं माझ्या माणसाला.

माणूस वर खिडकीत होता. लुडविकचा गुडघा सुजलेला, त्यामुळं तो उशीवर कोपर टेकून वरून कारभार बघत होता. "डावीकडं राहिलं गं," तो म्हणाला. बाईंनी वर न बघता म्हटलं, "तू खाली ये, मग डावीकडं, उजवीकडं, कुठं म्हणशील तिथं पुरते तुला." मग तसंच हवेला उद्देशून, "काही लोक बर्फाकडं असे बघत उभे राहतात, जसे काही तिकीट काढून आलेत." बारा वर्षं माझ्याशी त्या अशाच हवेमार्फत बोलत आल्या होत्या. मी लुडविकचं फावडं भिंतीवरून उचललं आणि खणायला लागलो. बर्फ वरून येतच होता, आम्ही उपसत होतो तेवढाच पुन्हा भरत होता, आणि मला आत कुठंतरी फार बरं वाटत होतं. पाठ दुखायला लागली तसं आणखी बरं वाटलं. सदुसष्ट साली हेच लुडविकनं सहा तास केलं होतं. सहा तास म्हणजे किती, हे फोटो काढणाऱ्याला कळत नाही. त्याचा वेळ एका सेकंदाचा सव्वाशेवा भाग.

मध्ये दम खायला थांबल्यावर बाई फावड्यावर रेलल्या आणि या वेळी सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या तुझ्या बक्षिसाच्या फोटोत तुझे बूट कुठं गेले रे?"

मी म्हटलं, "कसले बूट, स्टेफाबाई?"

"खुर्ची काय उडत गेली तिथं? कोवळ्या बर्फात नेऊन ठेवलीस तर तुझ्या बुटांचे ठसे नकोत? चर्चच्या सभागृहात लावला होतास तेव्हा मी चष्मा लावून बघितलाय. एक ठसा नाही."

बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, क्लबानं नाही. ते ठसे मी निगेटिव्हवर बारीक कुंचल्यानं रंग भरून, श्वास रोखून, दोन रात्री बसून मिटवले होते. ते फक्त इरेनाला माहीत होतं आणि मला. मी म्हणालो, "बुजवले."

"वाटलंच. गाडीचं मला काही नाही. गाडी काय, लोखंड. पण लुडविकनं सहा तास खणलं, आणि तुझ्या फोटोत ती खणलेली जागाच नाही. लोक म्हणतात, किती एकटी खुर्ची. एकटी कशानं? अख्खं घर बसलं होतं तिच्यावर."

"बरोबर बोलली," वरून लुडविक म्हणाला. "मी तर दोन दिवस उताणाच होतो."

मी खणत राहिलो. आणि गंमत अशी, की जीव हलका होत चालला. चोरी सापडल्यावर चोराला झोप लागते म्हणतात, त्यातलं काहीतरी असावं. जागा मोकळी झाली तशी बाई आत गेल्या आणि खुर्ची घेऊन आल्या. तीच, लाल, मोडक्या दांड्याच्या जागी झाडूचा दांडा ठोकलेली. मध्यभागी ठेवली, हात झटकले, आणि ठेवून जाण्याऐवजी स्वतःच तिच्यावर बसल्या. धापा टाकत, गुडघे फाकवून, फावडं मांडीवर आडवं. "काढ आता," म्हणाल्या. "खुर्ची आहे तिथंच ठेवून." आणि मला भीतीनं कॅमेरा चाचपताना पाहून त्या हसल्या, रुमालाची गाठ सुटेपर्यंत हसल्या. मी सात फोटो काढले. असे चेहरे आरशात कधी येत नाहीत. उठताना त्या म्हणाल्या, "मला एक दे. भिंतीला खिळा आहे एक रिकामा." मग, "कॉफी घ्यायला ये वर." मी म्हटलं, कॅमेरा गरम घरात नेला की भिंगाला घाम फुटतो, पिशवीत बांधून आणतो, पाच मिनिटं द्या. त्या गेल्या. मी एकटी खुर्ची बघत होतो, आणि मग आकड्याकडे पाहिलं.

तर हे असं. खिळा वर वाट बघत होता. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे काही न सांगणं. आठवड्यानं जाऊन म्हणायचं, धुताना रोल बिघडला, रसायन खराब निघालं. पुन्हा कुंचला, पुन्हा ठसे बुजवायचे. तो हात माझ्या सवयीचा होता, आणि त्या क्षणी तो कोटाच्या खिशात आपोआप चुळबुळलासुद्धा. दुसरी वाट वर जाऊन सांगण्याची, की स्टेफाबाई, तुम्ही हसलात ते कुठंच नाही, चला, पुन्हा बसा आणि पुन्हा हसा. पण सांगून हसवलेली बाई म्हणजे पुन्हा हलवलेली खुर्चीच की. मी दोन्हींपैकी काहीच ठरवलं नाही. माणूस अशा वेळी हाताला काम देतो. खिशात दुसरा रोल होता. बर्फ कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून मी मोच्याच्या कमानीत शिरलो, झाकण उघडलं. जुना रोल जसाच्या तसा, कोवळा, बाहेरचा उजेड न पाहिलेला; दुसऱ्याची गरजच नव्हती. त्याची जीभ बाहेर लोंबत होती, मला वेडावून दाखवावं तशी. तिला खाचेत घालत होतो, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला.

तपकिरी लांबलचक गाडी. डुलत डुलत आली आणि खुर्चीपाशी थांबली. आतून कानटोपीवाला गृहस्थ उतरला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि वाकून खुर्चीला हात घातला. कमान तीच. मी तोच. हातात उघडा कॅमेरा तोच. फक्त पाय बारा वर्षांनी म्हातारे, पण ते असे पळाले की माझा मलाच पत्ता लागला नाही. मला कळलं तेव्हा मी खुर्चीवर बसलेला होतो आणि त्या गृहस्थाचा हात माझ्या आणि खुर्चीच्या पाठीच्या मधे अडकलेला होता.

"अहो," तो म्हणाला, "उठा की. रस्ता सरकारचा आहे."

"रस्ता सरकारचा. खड्डा आमचा."

"ही काय पद्धत झाली? खुर्ची ठेवली की जागा तुमची?"

"कुठले तुम्ही?"

"उत्तरेकडचा. बहिणीकडं आलोय."

"तरीच," खिडकीतून लुडविक म्हणाला. "तिकडं लोक बर्फ नोकराकडून उपसून घेतात. झेनेक, उठू नकोस. मी खाली येतो."

"तू येऊ नकोस," आतून स्टेफाबाईंचा आवाज, आणि पाठोपाठ जिन्यावर त्यांची पावलं. दार उघडलं. एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्यात पाव, आणि समोर मी: त्यांच्या खुर्चीवर ऐसपैस, मांडीवर तोंड वासलेला कॅमेरा, त्यातून वितभर लोंबणारी जीभ, टोपी उडालेली, टकलावर बर्फ. त्यांनी आधी त्या गृहस्थाकडे पाहिलं, पाव त्याच्या हातात दिला, आणि भिंतीचं फावडं दाखवलं. "गल्लीच्या शेवटी जागा आहे. हा खा आणि खण. तुझ्या बहिणीकडून एक स्टूल आण. उद्यापासून ती जागा तुझी, जशी ही आमची." माणूस पाव खात फावडं ओढत गेला. थोड्या वेळानं तिकडून खरवडण्याचा आवाज यायला लागला, अडाणी, पण मनापासून.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "याचं आतडं का बाहेर आलंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जीभ, खाच, नॉब, नवरी, एक्केचाळीस. "तुमचे सातही गेले, स्टेफाबाई. रोल फिरतच नव्हता." आणि मान खाली घालून वाट बघत राहिलो. बारा वर्षं अकरा पाव खाल्ले होते, आता पुढचं तप सुरू होणार होतं. मग वर पाहिलं. बाई भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. मगातली कॉफी हिंदकळून बर्फात तपकिरी भोकं पाडत होती. "लुडविक," त्या कशाबशा म्हणाल्या, "हा सकाळपासून नुसताच टकटक करत फिरतोय रे. गावभर."

"मग बरंय," लुडविक म्हणाला. "या वेळी काही बुजवायला नको."

मी उठायला लागलो. बाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं. "बस तिथंच. राखलीस ना आज? मग बस. भर तो रोल नीट, आणि दे इकडं. कुठं दाबायचं?" मी बसल्या बसल्या जीभ खाचेत घातली, झाकण लावलं, लिव्हर ओढली. नॉब फिरला. आम्ही दोघांनी तो फिरताना पाहिला. उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकू नका म्हटलं. त्याला सगळं जग करडंच वाटतं, त्याचं ऐकलं तर बर्फ उंदराच्या पाठीसारखा येतो. दोन घरं जास्त उजेड देऊन कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पावाची भट्टी उघडावी तसा अंगापासून लांब धरला, मग डोळ्याला लावला. मी म्हटलं, "जरा डावीकडं सरकलात तर..." कारण मला मागचा खांब आठवला होता, तो नेमका माझ्या डोक्याच्या रेघेत असणार, हे मला मान न वळवता कळत होतं.

"काही सरकत नाही," बाई म्हणाल्या, आणि दाबलं.

आमच्या घरी न्हाणीघरातच डार्करूम आहे. संध्याकाळी दिवेलागणीला मी दाराच्या फटीला टॉवेल लावला, लाल दिवा लावला आणि कागद रसायनात सोडला. इतकी वर्षं झाली, तरी या घटकेला मला पहिल्यांदा बाळ बघायला आलेल्या बापासारखं होतं. काळं असतं ते आधी येतं. आधी तो खांब आला, सरळ, उभा, कुणी रोवल्यासारखा. मग त्याच्या बुंध्याशी माझं डोकं, बरोब्बर मध्ये, जणू शहरानं मला आपल्या एकुलत्या एका शिंगावर उचललं आहे. मग कोट, खुर्चीचे पाय, झाडूचा दांडा. फोटोत खुर्ची लाल नाही, तेव्हाची ती गाडी हिरवी आली नसती तशीच, दोन्ही शेवटी एकाच करड्या घरच्या. मग खणलेल्या जागेच्या कडा, फावड्यांचे वार, आणि चहूकडे ठसे, माझे, बाईंचे, त्या उत्तरेकडच्या पाहुण्याचे, नुसता बाजार. सर्वांत शेवटी माझं तोंड, उघडं, 'डावीकडं' या शब्दावर. बर्फ मात्र आला नाही. बर्फ कधीच येत नाही. तो कागदच असतो, आपण त्याला हात लावला नाही म्हणून राहिलेला. कुंचला समोरच्या कपात उभा होता. खांब कापून टाकायला कात्रीसुद्धा पुरली असती. मी दोन्हींकडे पाहिलं, आणि मला स्टेफाबाईंच्या भिंतीवरचा रिकामा खिळा दिसला, शिंगाच्या बरोबर वर.

दारावर टकटक झाली. "झेनेक," इरेना म्हणाली. तिचा आवाज काही वेगळाच होता. "स्टेफाबाई पिशवी देऊन गेल्या. बारा आहेत. मी दोनदा मोजले." मग, "बारावा अजून गरम आहे. आत आणू, की मीच खाऊ?"

"थांब," मी म्हटलं, "दार उघडू नकोस. बर्फ ओला आहे अजून."